आख्यायिका, वासना आणि निवेदक : मराठी कथनविचारातील काही संज्ञांचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले आष्टी आणि नदीपलीकडील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही दोन गावे एकाच वर्धा नदीच्या खोऱ्यात वसलेली आहेत. मराठीच्या अभ्यासक्रमात मात्र ती एकमेकांना कधी भेटत नाहीत. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कला शाखेच्या वर्गात कथा-कादंबरीचे 'घटक' म्हणून कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदनपद्धती, भाषाशैली अशी जी यादी शिकविली जाते, ती मुंबईत, नांदेडात किंवा पणजीत शिकविल्या जाणाऱ्या यादीहून वेगळी नसते. रिद्धपूर येते ते दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, 'प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास' या शीर्षकाखाली. तेथे 'लीळाचरित्रा'ची भाषा, त्यातले समाजदर्शन, त्याचे आद्य गद्यग्रंथ असणे यांवर टिपणे लिहून घेतली जातात. कथन कोण करतो, कोणाच्या आधाराने करतो, दोन कथने जुळली नाहीत तर काय करावयाचे, हे प्रश्न मात्र पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या मालकीचे. तेथे त्यांची उत्तरे फॉर्स्टरपासून जेनेतपर्यंतच्या पाश्चात्त्य विचारवंतांच्या साहाय्याने दिली जातात.

ही वाटणी कोणाच्या हेतुपुरस्सर दुर्लक्षातून झालेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो संज्ञांच्या इतिहासातून बराचसा उकलता येतो. संज्ञा ही निव्वळ सोयीची खुंटी नव्हे. ज्या वस्तूला नाव आहे ती दिसते आणि जिला नाव नाही ती डोळ्यांसमोर असूनही निसटते, हा समीक्षेतील नित्याचा अनुभव आहे. म्हणून कथात्म वाङ्मयाच्या मूलभूत मराठी संज्ञा केव्हा, कोठून आणि कोणत्या गरजेपोटी आल्या, हे पाहणे कोशकाराइतकेच समीक्षकाचेही काम ठरते.

प्रथम 'कादंबरी' हा शब्दच घ्यावा. एका विशिष्ट कृतीचे, त्यातही तिच्या नायिकेचे, विशेषनाम मराठीत आणि कन्नडमध्ये संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम झाले. गुजरातीने 'नवलकथा' आणि तेलुगूने 'नवल' असे इंग्रजी ध्वनीशी जुळते शब्द स्वीकारले, तर बंगालीने आणि तिच्या मागोमाग हिंदीने 'उपन्यास' हा निराळाच संस्कृत शब्द घेतला. मराठीत सुरुवातीला 'नावल'ही रूढ होऊ पाहत होता. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ मधील प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकात 'नावल व नाटक' अशीच जोडी आहे. त्याआधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'च्या जोडशीर्षकात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे 'निरूपण' असा शब्द योजला होता. आज जिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणून गौरविले जाते ती कृती स्वतःचा परिचय 'पर्यटन' आणि 'निरूपण' या दोन शब्दांनी करून देत होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. पर्यटन हा प्रवास आणि निरूपण हा कीर्तन-प्रवचनातला व्यवहार. दोन्ही शब्दांत सांगणारा माणूस समोर उपस्थित आहे. 'कादंबरी' या शब्दात तो नाही.

मग 'कादंबरी'च का रुजली? लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांच्याकडे पाहिले की उत्तराचा अंदाज येतो. नायिकेचे मधुर नाव शीर्षकस्थानी, विरह, संकटे, अद्भुत योगायोग आणि अखेर मीलन असा हा साचा होता, आणि बाणभट्टाच्या ग्रंथाशी त्याचे नाते वाचकाला सहज जाणवणारे होते. वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले ते त्याच्या एका प्रवृत्तीवरून; पदमनजींची प्रवृत्ती नामकरणात हरली. पुढे रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने (१८७१) इतिहासाची तिसरी वाट उघडली आणि तीही त्याच नावाखाली गेली. या तीन वाटांची मांडणी भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर'मधील (१९९०) कादंबरीविषयक निबंधात केली आहे आणि ती आता सर्वपरिचित आहे. येथे मुद्दा एवढाच की, नावाने केलेली निवड मूल्याची निवड ठरू शकते. हरिभाऊ आपट्यांना हे जाणवले असावे. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असे मालानाम दिले. 'गोष्ट' या शब्दात बाणभट्ट नाही, घरचे माणूस आहे.

'कादंबरी' नाव बाणाकडून घेतले, पण बाणाच्या परंपरेत कथनाविषयी जो विचार झाला होता तो मात्र सोबत आला नाही. भामहाने गद्यप्रबंधाचे 'कथा' आणि 'आख्यायिका' असे दोन भेद मानले. त्यातला एक निकष आजच्या अभ्यासकाला थक्क करणारा आहे. आख्यायिकेत नायक आपले वृत्त स्वतः सांगतो. कथेत ते दुसरा कोणी सांगतो. म्हणजे सांगणारा कोण, यावरून प्रकारभेद. दंडीने हा भेद अमान्य केला. नायकाने सांगितले काय किंवा इतराने सांगितले काय, एवढ्यावरून जाती वेगळ्या होत नाहीत, असे त्याचे म्हणणे. दंडीचा आक्षेप तर्काला धरून आहे. परंतु आक्षेप घेण्याजोगा प्रश्न भामहाने उभा केला होता, हे महत्त्वाचे. 'हर्षचरित' आख्यायिका आणि 'कादंबरी' कथा, हे वर्गीकरण याच चर्चेच्या पार्श्वभूमीवर झाले.

मराठीत 'आख्यायिका' या शब्दाचे काय झाले? तो दंतकथेच्या अर्थाने उरला. ज्याला आधार नाही पण जे सगळे सांगतात, ते आख्यायिका. ज्या शब्दात सांगणारा निश्चित होता, त्याच शब्दातून सांगणारा पुरता नाहीसा झाला. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली, तेव्हा एक ब्राह्मण विधवा स्वतःचे आयुष्य स्वतः सांगत होती. भामहाच्या व्याख्येला इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडले नसते. परंतु यमूच्या या बोलण्याला मराठी समीक्षेने 'प्रथमपुरुषी' हे व्याकरणाचे लेबल लावले, किंवा 'आत्मचरित्रात्मक' म्हटले. सर्वनाम हाती आले, सांगणारी नाही.

उरलेल्या संज्ञा बहुतांशी नाट्यविचारातून आल्या आहेत. धनंजयाच्या 'दशरूपका'त वस्तू, नेता आणि रस यांवरून रूपकांचे भेद केले आहेत. मराठीतील 'कथावस्तू' ही त्यातल्या वस्तूची संतती. 'पात्र' तर उघडच रंगभूमीवरचे, भूमिका धारण करणारे. 'संविधानक' हा शब्द भवभूतीच्या नाटकातही भेटतो. संस्कृत नाट्यशास्त्राने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या, त्यांचा शेवट फलागमात होतो. प्रारंभापासूनच फळाकडे डोळा. एकोणिसाव्या शतकात मराठी टीकाकार नाटक आणि कादंबरी यांचा एकत्र विचार करीत होते, हे मराठ्यांच्या निबंधाच्या शीर्षकावरूनच दिसते. नाटकाची परिभाषा तयार होती, कादंबरीची नव्हती. तेव्हा शेजारच्या घरातली भांडी आणून स्वयंपाक झाला. यात गैर काही नाही, पण एक गोष्ट निसटली. नाटकात निवेदक नसतो. सूत्रधार प्रस्तावना करून आत जातो आणि पुढे पात्रेच बोलतात. नाट्यपरिभाषेवर उभ्या राहिलेल्या कादंबरीविचारात सांगणाऱ्यासाठी जागाच उरली नव्हती. वि. का. राजवाडे यांचा 'कादंबरी' हा दीर्घ निबंध १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पनारम्य आणि वास्तव यांचा झगडा त्यात जोरकसपणे येतो. तोही मुख्यतः काय सांगावे याचा झगडा आहे.

'कथेचे घटक' ही यादी आजच्या रूपात घट्ट झाली ती त्यानंतरच्या तीसएक वर्षांत. मासिकांची वाढ, लघुकथेचा बहर आणि महाविद्यालयांतून मराठीच्या अध्यापनाला आलेला वेग ही त्याची तीन कारणे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये आले. कथालेखन ही शिकता येण्याजोगी कारागिरी आहे, तिला तंत्र आहे, तंत्राला भाग आहेत, हे त्यांनी इतक्या प्रसन्न आणि आत्मविश्वासपूर्ण शैलीत सांगितले की पुढच्या पिढ्यांना ते निसर्गनियमासारखे वाटू लागले. चटकदार आरंभ, गुंतागुंत, उत्कंठा, निरगाठ आणि उकल. फडक्यांना झोडपणे ही पुढे मराठी समीक्षेची एक सवय झाली. ती काहीशी अन्यायकारक आहे. होतकरू लेखकाला उपयोगी पडेल असे शब्दभांडार त्यांनी दिले, आणि असे भांडार नसताना केवळ 'प्रतिभा' म्हणून हात जोडणे हे काही समीक्षेचे लक्षण नव्हे. दोष असेल तर तो पुढच्या अध्यापकांचा. लेखकासाठी लिहिलेली कृतिपुस्तिका त्यांनी वाचकासाठी व्याख्या म्हणून वापरली. कसे करावे याचे उत्तर काय असते या प्रश्नाला चिकटविले गेले.

या यादीत एक गृहीतक दडलेले आहे. घटकांची जुळणी करणारा एकच कर्ता असतो. त्याच्या हाती सर्व सामग्री असते. तो निवडतो, गाळतो, क्रम बदलतो. फडक्यांच्या तंत्राला विरोध करणाऱ्या मर्ढेकरांनी 'लय' हे तत्त्व आणले, नवकथाकारांनी घटनेचे महत्त्व कमी केले, गंगाधर गाडगीळांनी संज्ञाप्रवाहाची बाजू मांडली. परंतु एकमेव कर्त्याचे गृहीतक या सर्वांनी अबाधित ठेवले. किंबहुना अधिक पक्के केले. सत्तरनंतर हळूहळू 'निवेदक' ही संज्ञा लेखकापासून वेगळी काढून वापरली जाऊ लागली, 'दृष्टिबिंदू' आणि 'कथनमीमांसा' हे शब्द आले, रशियन रूपवाद्यांचा कथा आणि तिची मांडणी यांतील भेद शिकविला जाऊ लागला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोशा'च्या काळापर्यंत ही परिभाषा मराठीत चांगलीच स्थिरावली होती. भामहाने विचारलेला प्रश्न अशा रीतीने फार मोठा वळसा घालून, पॅरिसमार्गे, मराठीत परत आला.

तोच प्रश्न तेराव्या शतकात, मराठीतच, आणि अत्यंत व्यावहारिक निकडीतून विचारला गेला होता. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर अनुयायी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागले. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा करण्याचे काम हाती घेतले. रिद्धपूर येथील वाजेश्वरीच्या स्थानी हा ग्रंथ सिद्ध झाला, असे पंथाची परंपरा सांगते. काम सोपे नव्हते. ज्यांनी जी घटना पाहिली त्यांना गाठावयाचे, त्यांच्या तोंडून ती ऐकावयाची, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घ्यावयाची. बाइसा, महदाइसा यांसारख्या स्त्रियांच्या साक्षींना येथे पुरुषांच्या साक्षीइतकेच वजन होते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी ग्रंथाची विभागणी झाली. त्यातला 'एकांक' म्हणजे चक्रधर एकटे भ्रमण करीत होते त्या काळाचा भाग. सोबत कोणी नव्हते, म्हणजे साक्षीदारही नव्हता; त्या काळातले जे कळले ते त्यांनी स्वतः पुढे सांगितले म्हणून. कालखंडाची आणि कथनाच्या आधाराची सीमारेषा येथे एकच आहे. नायक स्वतः सांगतो तो भाग वेगळा काढून ठेवावा, ही भामहाच्या आख्यायिकेची आठवण करून देणारी सूक्ष्मता त्या विभागणीत आहे.

मूळ पोथी पुढे धाडीत नाहीशी झाली आणि नंतरच्या पिढीने ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असेही परंपरा मानते. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ या पुनर्रचनेतला. साहजिकच एकाच लीळेची वेगवेगळी रूपे हाती आली. कोणी प्रसंग एका गावी घडला म्हणे, कोणी दुसऱ्या. कोणाच्या आठवणीत बोलणे एका शिष्याशी झाले होते, कोणाच्या दुसऱ्याशी. अशा भिन्न रूपाला महानुभावांनी जी संज्ञा योजिली ती 'वासना'. अमुकाची वासना अशी, तमुकाची अशी. 'शोध' हा शब्दही अशाच जागी येतो. मुख्य कथनाला लागून हे भेद नोंदले जातात आणि कथन पुढे सरकते.

हा शब्द किती नेमका आहे, हे कळण्यासाठी आजच्या मराठीने त्याला दिलेला अर्थ घटकाभर बाजूला ठेवावा लागतो. (वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिताच मागच्या बाकांवर काय होते, ते अध्यापकांना सांगावयास नको, एखादी संज्ञा पुनरुज्जीवित न होण्यामागे इतके साधे कारणही असू शकते.) वासना म्हणजे अनुभवाने मनावर ठेवलेला ठसा, वस्त्राला गंध लागून राहावा तसा. अभिनवगुप्ताने रसप्रक्रियेच्या विवेचनात हाच शब्द वापरला आहे. सहृदयाच्या ठायी पूर्वानुभवाच्या वासना असतात म्हणूनच त्याला रसास्वाद घडतो. काश्मीरच्या आचार्याने वासना ऐकणाऱ्याच्या मनात ठेवली. रिद्धपूरच्या संकलनकारांनी ती सांगणाऱ्याच्या मनात ठेवली. एकाच शब्दाने कथनव्यवहाराची दोन्ही टोके धरता यावीत, असा योग परिभाषेच्या इतिहासात विरळा.

'वासना' ही एकटी संज्ञा नव्हे. तिच्याभोवती एक व्यवस्था आहे. केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि प्रत्येकाची रचना तिपेडी आहे. वर चक्रधरांचे सूत्र, मध्ये त्यांनीच सांगितलेली लहानशी गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि खाली त्या गोष्टीचा अर्थ उलगडणारे केसोबासांचे दार्ष्टान्तिक. गोष्ट आणि गोष्टीचा अन्वय यांचे कर्ते वेगळे आहेत, आणि ते वेगळे आहेत हे रचनेतच दिसते. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची प्रसिद्ध कथा या ग्रंथात आहे, हाही एक अर्थपूर्ण योगायोग. 'प्रकरणवश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाङ्मयात कोणते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले त्याची नोंद होते. वचन प्रसंगातून उचलले की अर्थ बदलतो, ही जाण त्यामागे आहे. चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' तर आपल्या 'वातावरण' या घटकाला लाजविणारी आहे. देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, बिढार कोठे, हे सारे तीत काटेकोरपणे येते. येथे जागा ही पात्रांच्या मनःस्थितीला रंग देणारी पार्श्वभूमी नाही. ती स्वतःच पुरावा आहे आणि नमस्काराचा विषयही आहे.

एवढे समृद्ध शब्दभांडार मराठीत असताना कथनविचाराने ते का वापरले नाही? याचे उत्तर बरेचसे लिपीत आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद केले होते. ग्रंथ मठांत होते, पूज्य होते, पण पंथाबाहेरच्या वाचकाला अक्षरच लागत नव्हते. हळबे, गुंजीकर, मराठे, आपटे यांनी मराठी कथनाची घडी घातली तेव्हा त्यांच्या दृष्टीने मराठी गद्याचा आरंभ बखरींपलीकडे फारसा जात नव्हता. राजवाडे आदींच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लिपीचे कुलूप निघाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये आले, ह. ना. नेने यांनी १९३६ पासून 'लीळाचरित्र' भागशः छापावयास घेतले. या दोन तारखांच्या मधोमध १९३१ चे 'प्रतिभासाधन' आहे. म्हणजे ज्या दशकात मराठीला आपले पहिले कथनगद्य वाचावयास मिळू लागले, नेमक्या त्याच दशकात कथनाची परिभाषा दुसऱ्याच साहित्याच्या आधारे निश्चित होऊन बसली. एक काम नागपूर-वऱ्हाडात संशोधकांच्या टेबलावर चालले होते, दुसरे पश्चिम महाराष्ट्रात मासिकांच्या पानांवर. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती साठोत्तरीत आणि वि. भि. कोलते यांची १९७८ मध्ये आली, तोवर अभ्यासक्रमातल्या प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या होत्या.

यावरून देशीवादी उत्साहाने एक निष्कर्ष काढण्याचा मोह होईल: पाश्चात्त्य 'दृष्टिबिंदू' टाकून द्यावा आणि 'वासना' घ्यावी, कारण दोन्ही एकच आणि आपली जुनी. हा मोह आवरलेला बरा. दोन्ही एक नाहीत, आणि त्या एक नाहीत यातच 'वासने'चे खरे मोल आहे. दृष्टिबिंदू लेखक निवडतो. एकाच घटनेकडे चार पात्रांच्या डोळ्यांनी पाहणारी कादंबरी लिहिली तरी ते चारही डोळे एकाच लेखकाने बसविलेले असतात. वासना निवडता येत नाही. म्हाइंभटाला किंवा त्याच्या उत्तराधिकाऱ्यांना दोन कथनांतून 'अधिक परिणामकारक' कथन घेण्याचा अधिकारच नव्हता. जे ऐकले ते जपावयाचे, न जुळले तर न जुळणेही जपावयाचे. हा निर्बंध श्रद्धेतून आला आहे. 'लीळाचरित्र' पंथाच्या लेखी कल्पित वाङ्मय नाही. कोलते यांच्या आवृत्तीवरून झालेला वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यातही या ग्रंथाकडे कोणत्या नात्याने पाहावयाचे हा प्रश्न होताच. कल्पिताच्या घटकांची यादी हातात घेऊन या ग्रंथात कथानक, पात्रे, वातावरण शोधणारे प्रबंध लिहिले जातात तेव्हा ग्रंथ आणि यादी, दोहोंवरही अन्याय होतो.

उलट दिशेने विचार केला तर मात्र काही हाती लागते. 'वासना' ही संज्ञा आपल्या घटकांच्या यादीतील गृहीतक उघडे पाडते: सामग्रीवर एकाचीच मालकी. ज्या कथनांत अशी मालकी नाही, त्यांच्यापुढे ही यादी अपुरी पडते. आणि अशी कथने फक्त तेराव्या शतकात नसतात.

नदी ओलांडून पुन्हा आष्टीस यावे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'च्या ठरावाला आठवडा उलटला होता. गावातील पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला, जमाव उसळला. लोक मारले गेले आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूरलाही उठाव झाला आणि 'आष्टी-चिमूर' हे जोडनाव इतिहासात गेले. खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, पुढे त्या फाशी टळल्या. जहांगीरच्या काळातील मोहंमद खान नियाझीच्या कबरीमुळे गॅझेटियरात नोंदले गेलेले हे गाव आता 'आष्टी (शहीद)' म्हणून लिहिले जाते. गावाच्या नावातल्या कंसात एक संपूर्ण कथानक मावले आहे, आणि कोणत्याही कथानकाप्रमाणे तेही निवड करून सिद्ध झाले आहे.

फॉर्स्टरने १९२७ मध्ये केलेला भेद येथे आठवतो. घटनांचा नुसता कालक्रम म्हणजे गोष्ट आणि कार्यकारणाने बांधलेला क्रम म्हणजे कथानक. न्यायालयाला कथानक लागते. अशा खटल्यात आधी काय घडले हा नुसता क्रमाचा प्रश्न राहत नाही. दगड आधी की गोळी आधी, यावर गुन्ह्याचे स्वरूप आणि माणसाचा जीव ठरतो. स्मारकालाही कथानक लागते, पण त्याचा फलागम वेगळा. सरकारने त्याच महिन्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना अटक केली, म्हणजे भजनातून उठाव असा एक कार्यकारणभाव शासनानेही रचला. गमतीचा भाग असा की, भक्तांनी रचलेला कार्यकारणभाव तोच आहे, फक्त त्याचे मूल्य उलटे. निवाड्यातला पोलीस आणि हुतात्म्यांच्या स्मरणातला पोलीस यांना 'पात्र' या एकाच संज्ञेत बसविता येते; त्यांच्यातला विरोध मात्र त्या संज्ञेला दिसत नाही. यावर कोणी कादंबरी लिहील तर तिला यांतून एक क्रम घ्यावा लागेल, किंवा सर्व क्रमांना आपल्या एका क्रमात बसवावे लागेल.

येथे 'वासना' पुरी पडते काय? पूर्णपणे नाही. रिद्धपूरच्या सर्व वासना एकाच श्रद्धेच्या घरातल्या आहेत. हिराइसेचा पाठ आणि दुसऱ्या कोणाचा पाठ यांत फरक असेल, वैर नाही. चक्रधरांच्या विरोधकांची वासना त्या पोथीत नोंदली गेलेली नाही. ते येतात ते अनुयायांच्या स्मरणातून. आष्टीच्या घटनेत साक्षीदार परस्परांविरुद्ध उभे होते आणि एकाची साक्ष दुसऱ्याच्या गळ्याशी येणारी होती. तेव्हा ही संज्ञा जशीच्या तशी उचलून लावली तर तिचा मूळ विश्वास हरवतो आणि उरते ते 'अनेक बाजू असतात' असे गुळगुळीत विधान. संज्ञेचा उपयोग ती कोठे थांबते ते पाहण्यातही असतो. अनेक दशके कथानकाची उकल, पात्रांची घडण, वातावरणाची निर्मिती असे शब्द वापरल्यानंतर, न उकललेले तसेच लिहून ठेवणे ही कथनाची एक रीतसर पद्धत मराठीत होती, आणि तिला नाव होते, हे कळल्याने वाचनाची काही वळणे तरी बदलावीत.

रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी कामास आरंभ झाला. तेथील अभ्यासक्रमात 'लीळाचरित्र' असणार हे उघड आहे. ते कोणत्या प्रश्नपत्रिकेत ठेवले जाते, हे पाहण्यासारखे ठरेल. हस्तलिखितात तर जागा ठरलेली आहे. लीळा पूर्ण होते, तिच्यालगत ज्याची त्याची वासना येते, कोणती खरी ते लिहिणारा सांगत नाही, आणि पुढची लीळा सुरू होते.